वळूची सोयरीक

साल दोन हजार बावीस. मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या साली शिमग्याच्या आसपास चंद्रीचं वासरू माझ्या मांडीवर मेलं.

वासरं मरतात. गुरांत जन्म गेलेल्या माणसाला त्याचं नवल नाही. पण हे भुकेनं मेलं. आईच्या कासेत दूध मावत नव्हतं, सडांतून आपोआप गळत होतं, आणि हे तिच्याच पोटाखाली उभं राहून उपाशी मेलं. त्याचा खालचा जबडा आखूड होता. पोपटाची चोच असते ना, तसं तोंड. सड धरायला गेलं की निसटायचा. बाटलीनं पाजलं, बोटं चाटवली, चमच्यानं घातलं. नाही जगलं.

या अंकाची माणसं मला म्हणाली, काका, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. पण लिहिता येतं मला. वेळ लागतो एवढंच, आणि आता वेळच आहे.

माझं काम गीर गाई सांभाळायचं. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे आत शेठची जागा आहे, तिथला गोठा. शेठच्या बापानं मला ठेवलं तेव्हा मला मिशी फुटली नव्हती. गीर ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कपाळ पुढं आलेलं, कलिंगडासारखं गोल. कान लांब, पान दुमडून ठेवावं तसे. शिंगं आधी खाली जातात, मग मागे वळतात. स्वभावानं मानी. रोजचा हात असेल तरच पान्हा सोडते, नाहीतर तासभर बसा बादली घेऊन. मूळची काठेवाडातली, पण आमच्याकडं जन्मलेल्या गाईंना आमचीच भाषा कळते. शिव्या तर सगळ्या कळतात.

हल्ली गिऱ्हाइकं गाडीतून येतात. करंजाड्याच्या इमारतींतली जास्त. त्या इमारती जिथं आहेत तिथं मी लहानपणी गुरं चारली, पण ते ऐकायला कोणाला वेळ नाही. एक बाई नेहमी विचारायची, "काका, गाय आनंदी आहे ना?" मी म्हणायचो, "तिलाच विचारा, पण पुढून विचारा. मागून लाथ बसेल." एकाला गृहप्रवेशाला गाय हवी होती, सातव्या मजल्यावर. मी म्हटलं, गाय लिफ्टमध्ये चढत नाही. म्हणाला, "सोफा गेला की हो त्यातून." शेठनं सांगितलं म्हणून चंद्रीला नेली. लिफ्टचं दार उघडलं तर आत आरसा. आरशात दुसरी गाय. चंद्रीनं डोकं खाली घातलं आणि अशी धडक दिली की लिफ्ट आठवडाभर बंद. पूजा पार्किंगमध्ये झाली. भटजी शहाणा होता. म्हणाला, जमीन तीच, मजला कुठलाही असो.

अशी ती चंद्री. गोठ्यातली सगळ्यात जुन्या घराण्याची गाय. तिची आई, तिची आजी, पणजी, सगळ्यांच्या धारा मीच काढल्या. ते वासरू गेलं तेव्हा मला लागलं ते नुसतं वासरासाठी नव्हतं. हे घराणं चंद्रीपाशी संपतं काय, ही भीती होती.

आता आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमच्या भागात गीरचे चार गोठे. एक आमचा, एक तळोज्याकडे यासीनभाईचा, एक रसायनीच्या वाटेवर आणि एक चिरनेरकडं. जुन्या लोकांनी ठरवलेलं की वळू विकायचा नाही, फिरवायचा. एका गोठ्यात तीन पावसाळे, मग पुढच्या गोठ्यात. तोवर त्याच्या पहिल्या लेकी माजावर यायला लागतात, आणि बापानं लेकीवर जाऊ नये, एवढी साधी गोष्ट. पण पाठवायचा तो सोयरीक झाल्यासारखा. शिंगांना हळद, पाठीवर झूल, टेम्पोला आंब्याचा टहाळा. घेणाऱ्यानं खुरांवर पाणी घालायचं, ओवाळायचं, देणाऱ्याच्या घरी नारळ आणि लुगडं पाठवायचं. यासीनभाईच्या घरून पण लुगडं यायचं, आणि चौघांत चांगलं त्याचंच असायचं. आणखी एक नियम मी स्वतः घातला. वळू दिला की त्याचं तिथं पहिलं वासरू होईस्तोवर देणाऱ्यानं बघायला जायचं नाही. जुना माणूस दिसत राहिला तर जनावर नव्या दावणीला रमत नाही.

मग आमच्याकडं माणक झाला. तसा वळू मी परत बघितला नाही. लाल अंग, वशिंड डोंगरासारखं, चालला की माणसं रस्ता सोडायची. त्याच्या लेकी व्याल्या आणि बादल्या कमी पडायला लागल्या. चारही गोठ्यांत तो फिरला. पुढं ज्याचा त्याचा जुना वळू म्हातारा झाला तसा ज्यानं त्यानं माणकचा मुलगा ठेवला, नंतर नातू. का नाही ठेवणार? घरात सोनं असताना पितळ कोण घेईल? फिरवणं चालूच होतं. हळद, नारळ, लुगडं, सगळं नियमानं.

चंद्रीचं वासरू ज्याचं, तो हिरा. यासीनभाईकडून आला तेव्हा जेमतेम अंगात भरलेला. माझ्या हातचं खाऊन हत्ती झाला. दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नसे. सकाळी आधी माझ्याकडून गुळाचा खडा घ्यायचा, मग पेंडीला तोंड लावायचा. खडा नाही तर पेंड नाही. माझ्यासारखाच हेकट.

चंद्री त्याच्याकडून सहजी गाभण राहिली नव्हती. पुन्हापुन्हा उलटली, म्हणजे वळू दाखवावा आणि महिना भरायच्या आत परत माजावर यावी. बाकीच्या गाईंचंही तेच. शेवटी चंद्री कशीबशी राहिली आणि वासरू असं.

आमच्याकडं येणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगलीकडच्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, स्कूटीवरून येतात. मेलेल्या वासराचं तोंड उघडून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"काका, हिऱ्याचा बाप कोण?"

"हिरा यासीनभाईचा."

"घर नाही विचारलं. बाप विचारला."

मला राग आला. म्हटलं, "बाई, तुमी जन्मायच्या आधीपासनं आमी वळू फिरवतो. आमाला नका शिकवू."

"नाही शिकवत. पुढच्या वेळी दुसऱ्या रक्ताची कांडी भरून बघू?"

कांडी म्हणजे बर्फात ठेवलेलं वळूचं बी. मी म्हटलं, माझ्या गोठ्यात कांडीचा बाप चालणार नाही. त्या गेल्या. मी न्हावा शेव्याच्या ट्रकांना दोष दिला. हायवेला दिवसरात्र भोंगे, गाभण गाय दचकणारच. मग पेंड बदलली. मग आणखी एका गाईचं वासरू झालं, त्याचंही तोंड तसंच. ते दोन दिवस जगलं. आंब्यामागं पुरलं आणि कोणाला बोललो नाही. गोठ्याचं नाव असतं. ते जपायला आयुष्य जातं आणि घालवायला एक वासरू पुरतं.

मग ईद आली. दर ईदला मी यासीनभाईकडं शीरखुर्मा प्यायला जातो.

"आ गया जोमादादूस! बस. तुझ्या गाईंनी सुट्टी दिली?"

"त्या देतात. तुझी बायको शीरखुर्मा देते का बघ."

पडवीत बसलो. वाटी हातात आली आणि माझं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं. खिळ्याला एक बाटली उलटी लटकवलेली, थंड पेयाची, दोन लिटरची. तोंडाला रबरी बोंडशी.

"नातू आलाय वाटतं."

"नातू? नातू दुबईला हाय."

"मग बाटली कुणाची?"

"कुणाची नाय. पोरं खेळतात."

मी उठलो, बाटली काढली आणि बोंडशी दाबून बघितली. टोकाला ब्लेडनं फुली मारलेली होती. नुसत्या भोकातून पोपटतोंड्या वासराला दूध ओढता येत नाही, फुली मारली तर थोडं तरी आपोआप गळतं. ते मी माझ्या गोठ्यात करून बघितलं होतं. दुसऱ्या कुणाला तसं कापायचं कारण नव्हतं.

यासीनभाईनं वाटी खाली ठेवली. "तुझ्याकडं पण?"

"दोन गेली."

"माझी तीन गेली," तो म्हणाला. "चौथं मागं हाय."

मागच्या खोलीत गोणपाटावर कालवड पडलेली. लाल, देखणी, कपाळ माणकचं. मी तिचं तोंड उघडलं. तेच.

"खुदा कसम, कोणाला बोललो नाय," यासीनभाई म्हणाला. "बोलले असते यासीनचा गोठा बिघडला. तू पण हसला असतास."

"हसलो असतो," मी म्हटलं.

तिथूनच बाकी दोघांना फोन लावले. रसायनीवाला लगेच कबूल झाला. चिरनेरवाला म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" म्हणजे त्याच्याकडंही होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या बादली पालथी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, एकेका वळूचा बाप सांगा. मग त्याचा बाप." मला सगळं तोंडपाठ आहे. मी सांगत गेलो. हिऱ्याचा बाप अमका, त्याचा बाप माणक. चंद्रीचा बाप माणकचा मुलगा, तिच्या आईचा बाप स्वतः माणक. यासीनकडचा, रसायनीचा, चिरनेरचा. कुठूनही सुरुवात केली तरी दोन पायऱ्यांवर, तीन पायऱ्यांवर माझ्याच तोंडातून माणक बाहेर यायचा. शेवटी शेवटी मी नाव घेईनासा झालो, नुसती मान हलवायचो. त्या नुसत्या लिहून घेत होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

त्यांनी समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. प्रत्येक रक्तात काही ना काही खोट लपलेली असते. एकटी असली की गप्प बसते. आईकडूनही तीच आली आणि बापाकडूनही तीच आली की जोडी लागते आणि ती बाहेर पडते. आईबाप एकाच घरचे असले की जोडी लागायला वेळ लागत नाही. नुसती खोटच नाही, गाय उलटणं, वासरू बारीक होणं, हेही त्यातलंच. माणक चांगला होता. पण एकट्या माणकवर चार गोठे उभे केले, तिथं गणित फसलं.

आम्ही माणसांची सोयरीक करताना कूळ बघतो, देवक बघतो, मुलीचा मामा कोण ते विचारतो. गाईंच्या बाबतीत फक्त गोठा विचारला. हळद लावून टेम्पोत घातला आणि खाडी ओलांडली की वळू परका झाला, असं धरून चाललो. भावालाच बहिणींच्या घरी पाठवला आणि लुगडी वाटली.

शेठ रविवारी आला. तो म्हणाला, "मग हिऱ्याला पांजरपोळात पाठवून देऊ." बैल करून जुंपावा म्हटलं तर पनवेलात नांगर कुठं उरलाय? मी म्हटलं, "थांबा थोडं." शेठ म्हणाला, "किती थांबायचं, काका? खातो किती तो!" मला रात्री झोप लागेना. चंद्रीचं घराणं वाचवायचं तर हिरा गोठ्यातून गेला पाहिजे, आणि हिऱ्याला जायला जागा नाही.

"कांडी मिळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती कोणत्या बापाची हे मी तपासून घेईन. पण इथं जवळपास माणकचं रक्त न शिरलेली एखादी गीर आहे का? जुनी?"

यासीनभाई तेव्हा माझ्याकडंच आलेला होता. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. त्याला हसू आलं, चांगलं हसू नव्हतं ते. "हाय की," तो म्हणाला. "सोनाबाय."

सोनाबाय उरणच्या बाजूची, मिठागरवाल्यांची सून. तिच्या सासऱ्यानं गुरं घेऊन फिरणाऱ्या काठेवाड्यांकडून एक गाय घेतली होती, माणकच्या कितीतरी आधी. त्याच गाईच्या लेकीबाळी ती सांभाळत होती. फार वर्षांपूर्वी ती आमच्याकडं नारळ घेऊन आली होती, मलाही वळू फिरवायच्या रितीत घ्या म्हणून. चौघं बसलो होतो. चिरनेरवाला म्हणाला, "दोन गायींच्या घरात आमचा वळू जेवेल काय?" हसलो सगळेच. तिनं नारळ उचलला आणि गेली. त्यानंतर माणक तिच्या दारात कधी गेला नाही. ती आपल्या गाई त्या फिरत्या काठेवाड्यांच्या वळूकडंच नेत राहिली, म्हणून तर तिचं रक्त वेगळं राहिलं.

डॉक्टरीणबाईंना घेऊन आम्ही दोघं गेलो. सोनाबायची जमीन बंदरात गेलेली, मुलानं बंगला बांधलेला. पोर्चमध्ये मोठी काळी गाडी, आणि गाडीच्या शेजारी दोन गाई. सोनाबाय गाडीच्या बॉनेटवर पेंढा ठेवून दाव्याला गाठ मारत होती.

"कोण? जोमा? मेलास नाय अजून?"

"नाय गे बाय."

"आन ह्यो यासीन. वाट चुकलात का काय?"

बसा म्हणाली नाही. उभ्याउभ्या सगळं ऐकून घेतलं. मग मागं जाऊन एक गोऱ्हा सोडून आणला. तो तिच्या थोरल्या गाईचा. धाकटीवर, त्याच्या मावशीवर, तो चालणार नव्हता. बुटका, भुरकट, एक शिंग जरा वाकडं. माणकच्या शेजारी उभा केला असता तर लोकांनी विचारलं असतं, हे काय आणलंत. डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड उघडलं. खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर लागत होते. शेपटीचे केस उपटून तपासायला घेतले. पुढं तपासणीत निघालं की आमच्या गुरांशी त्याचं जवळचं काही नातं नाही. पण त्यांनी तिथंच सांगितलं, "काका, कांडी कधीही मिळेल. हे रक्त गेलं तर परत मिळणार नाही."

मी सोनाबायला विचारलं, "बोल, काय घेशील?"

"विकत नाय. रीत तुमचीच हाय ना, फिरवायचा? मग फिरवा. मना तुमचा हिरा पायजे."

मी गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हटलं, "हिऱ्याच्या रक्तात खोट हाय, सोनाबाय. लपवून नाय देणार."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथल्या गाई परक्या आहेत. इथं जोडी लागणार नाही. हिऱ्याला आत्ता हेच घर चांगलं."

पनवेल-उरणात हिऱ्याला एकच दार उघडं होतं आणि ते आम्ही हसून लावलेलं.

"आन नारळ तुमी आणायचा," सोनाबाय म्हणाली. "चौघांनी. तो चिरनेरवाला पुढं. माझा गोऱ्हा वाजतगाजत न्यायचा. आन जोमा, तुझा तो नियम हाय ना? पहिला वासरू होईस्तोवर इकडं फिरकायचं नाय."

"मला नको सांगू. मीच केलाय तो नियम."

"म्हणून तर सांगतंय."

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या भुरकट्याकडून चंद्री पहिल्याच वेळी राहिली. कालवड झाली, खुरटी, रंग धड लाल नाही की पांढरा नाही. पण पोटाखाली गेली आणि सड धरला. मी तिचं तोंड उघडून बघितलं नाही. ओढायचा आवाज आला, तेवढं पुरे. ती पणजीएवढं दूध देणार नाही. नको देऊ दे. अर्ध्या गाईंना मी कांडीही भरू दिली. डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिलीय की आता चौघांनी या भुरकट्याचेच मुलगे ठेवू नका, नाहीतर नातवंडांना परत बाटली बांधावी लागेल. चिरनेरवाला आत्तापासून त्याचा मुलगा मागतोय. माणसाचं काय करायचं?

पण मला सांगायचं होतं ते हिऱ्याच्या दिवसाचं.

सकाळीच त्याला धुतला. शिंगांना हळद लावली. झूल चढवताना तो मान खाली घालून उभा राहिला, त्याला वाटलं कुठंतरी मिरवायला नेतात. टेम्पोत मी त्याच्याबरोबर मागं उभा होतो. उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांची रांग, कितीतरी वेळ हललो नाही. ट्रेलरचा एक ड्रायव्हर खाली उतरला आणि हिऱ्याला हात जोडून परत चढला. चिरनेरवाला नारळ घेऊन पुढं बसला होता.

सोनाबायनं नवं लुगडं नेसलं होतं. खुरांवर पाणी घातलं, ओवाळलं. "या जावईबापू," म्हणाली. हिऱ्यानं तिच्यावर नाक फुरफुरवलं. ती मागं सरली नाही. नारळ चिरनेरवाल्याच्या हातून घेताना मात्र जरा जास्त वेळ त्याच्याकडं बघितलं. तेवढंच.

मी सांगितलं, आधी गूळ लागतो त्याला. ती म्हणाली, जावयाचे लाड मना कळतात. दावं बांधलं आणि निघालो. मागून हिरा दावं ओढत होता, खुंटा कुरकुरत होता. मी वळलो नाही. भुरकटा टेम्पोत चढवला, यासीनभाईला म्हटलं, "चल."

"रडतोस काय?"

"धूर हाय टेम्पोचा."

"टेम्पो अजून चालू नाय केला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी उरणला गेलो. घरी सांगितलं, वैरण बघायला जातो. नियम मोडला नाही. तिच्या कुंपणात पाय ठेवला नाही. बंगल्यामागं जुन्या मिठागराचा बांध आहे, त्याच्या पलीकडं उभा राहिलो. हिऱ्यासमोर घमेलं भरलेलं होतं आणि त्यानं तोंड लावलेलं नव्हतं. वारा माझ्याकडून तिकडं वाहत होता. त्यानं मान वर केली, कान फिरवले आणि डुरकला.

सोनाबाय शेण काढत होती. तिनं बांधाकडं बघितलं नाही. हिऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि लांबवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली, "कोणी नाय रं तिकडं. खा गुमान. तुझा तो म्हातारा नियमाचा माणूस हाय, तो कशाला येतंय!"

मग पदराची गाठ सोडून तिनं गुळाचा खडा काढला आणि त्याच्यापुढं धरला. हिऱ्यानं बराच वेळ घेतला. मग खडा घेतला, आणि घमेल्यात तोंड घातलं.

मी परतीची गाडी पकडली. नव्या वळूला पाणी दाखवायचं होतं. खिशातला खडा तसाच होता, तो त्याच्यापुढं धरला. त्यानं हुंगला आणि मान फिरवली. मी खडा गव्हाणीच्या कडेवर ठेवला आणि झाडू घेतला.